वीस मिलिसेकंद

शिकलगारांच्या शबनमनं ड्रायव्हर पाठवलाय.
सहाशे बारा ओळी, कर्नलच्या उंबऱ्यावर उभ्या,
यंत्राची थरथर मोजणाऱ्या एका सेन्सरसाठी.
चिप केवढी, तर चपट्या तांदळाएवढी.
मी उद्यमनगरात, माळ्यावर.
खाली इंगवल्यांचं लेथ चालू,
त्यामुळं माझा स्क्रीनही थोडा हलतोय.

मी नेहमी शेवटाकडून वाचतो.
सुरुवात सगळ्यांचीच छान असते,
बिघडल्यावर काय करायचं, ते लिहिताना माणूस कळतो.
वीज चालू केलीस, इंटरप्ट मागितलास,
तो मिळाला नाही,
आणि तू तशीच माघारी फिरलीस.
रिकाम्या घरात दिवा जळतोय की, बाई.
लिहिलं : जाताना बंद कर.

पुढं इंटरप्टच्या आतच बसची वाट बघत थांबलीय.
ही बस सीबीएसवरची नव्हं, दोन तारांची,
पण वाट बघताना डोळा हिच्यासाठीही लागतोच,
आणि इंटरप्टमध्ये झोपायचं नसतं.
लिहिलं : हे थ्रेडमध्ये ने.
लिहिलं : एक्स आणि वाय उलटे आहेत,
बोर्डावर चिप आडवी बसवलीय, फोटो बघ.

नववी शंका जरा तिखटच लिहिली :
डेटाशीटमध्ये दहा मिलिसेकंद, तू थांबतेस वीस.
कुठून आणलं हे?
अंदाजपंचे दाहोदरसे?

उत्तर आलं रात्री पावणेदोनला.
"सर, दहावर पहिलं रीडिंग शिळं येतं.
टेबलावर नाही येत.
गोकुळ शिरगावला फाउंड्रीत येतं,
भट्टी लागली की व्होल्टेज बसतं
आणि चिपला जाग यायला उशीर होतो.
तीन रात्री बसले तिथं.
बारावर बऱ्याचदा चुकलं, पंधरावर एकदा.
वीसवर चारशे वेळा चालू-बंद केलं, एकदाही नाही.
वहीचा फोटो जोडलाय."
फोटोत आकडे, सरळ रांगेत,
आणि कोपऱ्यात अंगठ्याचा काळा ठसा.

बाबा पॅटर्नमेकर होते.
ओतलेलं लोखंड थंड होताना आखडतं,
म्हणून साचा लाकडात मुद्दाम मोठा कोरायचा.
पण घाटग्यांच्या पंपाचा साचा
हिशेबाहूनही सूतभर जाड ठेवलेला.
मी तेव्हा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला, हातात कॅलिपर.
चूक सापडली म्हणून खूश होऊन
रंधा मारून ते सूत काढून टाकलं.
अठरा कास्टिंग लहान आली.
घाटगे जे बोलायचं ते बोलले.
बाबा रात्री साचा हातात घेऊन बसले,
कडेवरून बोट फिरवत,
आणि एवढंच म्हणाले,
"लिहून ठेवायला पाहिजे होतं मी."

शबनमला लिहिलं :
वीस राहू दे.
पण हे मला सांगून भागायचं नाही.
त्या ओळीच्या डोक्यावर लिही, दोन वाक्यं,
भट्टी, व्होल्टेज, चारशे वेळा.
नाहीतर चार वर्षांनी कुणीतरी हुशार येईल,
डेटाशीट उघडेल
आणि दहा करून टाकेल.
रंध्याचं काही लिहिलं नाही.

आज चौथी आवृत्ती आली.
दोन वाक्यांची तिनं पाच केलीत, असो.
दिवा मात्र अजून एका वाटेवर जळतोच आहे,
म्हणून मंजुरी नाही. उद्या बघू.

खाली लेथ थांबलंय.
बोर्ड टेबलावर नुसता पडलाय,
झेडवर नऊ पूर्णांक अठ्ठ्याहत्तर.
काहीच हलत नसलं तरी हा आकडा शून्य होत नाही,
जमीन ओढतच असते, तेवढं त्याला कळतं.
शेवटचा अंक मात्र उगाच नाचतोय,
तीन, चार, तीन, पाच.
कोड पुन्हा वरपासून बघितला. फिल्टर बघितला.
मग टेबलावर टेकलेलं कोपर
उचललं.